हॉवर्थ : सड्यावरचं गाव आणि त्याचं पाणी

दिवस पहिला : लीड्स ते हॉवर्थ

एएनएमच्या, म्हणजे आरोग्यसेविकेच्या, प्रशिक्षणाला असताना वसतिगृहाच्या कपाटात मला शार्लट ब्राँटीची ‘जेन एअर’ ही कादंबरी सापडली होती, शाळकरी मुलांसाठी सोपी केलेली. इंग्रजी बेताचं, शेजारी शब्दकोश, असं करत महिनाभर वाचली. त्यात लोवुडच्या शाळेत टायफसची साथ येते आणि हेलन बर्न्स नावाची मुलगी क्षयाने जाते. दिवसा आम्ही वॉर्डात क्षयाचे रुग्ण बघत होतो आणि रात्री मी हेलनचं मरण वाचत होते. लिहिणाऱ्या बाईला हे ऐकून माहीत नाही, तिने ते घरात पाहिलंय, एवढं मला तेव्हाही कळलं. पुढे रत्नागिरी जिल्ह्यात तीस वर्षं आरोग्यसेविका म्हणून नोकरी झाली, निवृत्त झाले, पण त्या बाईचं गाव बघायचं मनातून गेलं नाही. भाची इंग्लंडात लीड्सला असते. गेल्या ऑगस्टमध्ये तिच्याकडे गेले तेव्हा तिने चार दिवस रजा काढली. “मावशी, तुला लंडन नाही का बघायचं?” असं तिने एकदाच विचारलं. मी नाही म्हटलं, आणि तिने हॉवर्थची खोली ठरवून टाकली.

लीड्सहून गाडीने कीथली. लिहिण्यातलं स्पेलिंग बघून कोणी हा उच्चार करणार नाही, पण तिथले लोक कीथलीच म्हणतात. त्याच स्टेशनात पलीकडच्या फलाटावर वाफेची गाडी उभी असते. हा रेल्वेमार्ग पाच मैलांचा. १८६७ साली खोऱ्यातल्या कापडगिरण्यांसाठी सुरू झाला, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारी रेल्वेने बंद केला आणि १९६८ साली स्थानिक लोकांनी व रेल्वेवेड्यांनी स्वतः हातात घेऊन पुन्हा चालू केला. आजही तिकीट तपासणारे, झेंडी दाखवणारे बहुतेक जण स्वयंसेवक आहेत. आमच्या डब्यात आलेले आजोबा तिकिटाला चिमट्याने भोक पाडताना मला “लव्ह” म्हणाले. ह्या यॉर्कशर भागात दुकानदार, बसचालक, सगळे असंच बोलतात. आपल्याकडे अनोळखी बाईला “बाय माझी” म्हणावं तसं. पहिल्या दिवशी दचकले, दुसऱ्या दिवसापासून आवडायला लागलं.

ही गाडी शार्लट, एमिली आणि अ‍ॅन ह्या लेखिका ब्राँटी बहिणींनी पाहिली नाही, कारण ती येईपर्यंत तिघींतली एकही हयात नव्हती. १८४८च्या जुलैत शार्लट आणि अ‍ॅन चार मैल चालत, वाटेत वादळात सापडत कीथलीला पोचल्या होत्या आणि तिथून लीड्समार्गे रात्रीच्या गाडीने लंडनला. त्यांची पुस्तकं करर, एलिस आणि अ‍ॅक्टन बेल अशा पुरुषांची वाटावीत अशा नावांनी निघाली होती. एका प्रकाशकाने ही तिन्ही नावं एकाच लेखकाची आहेत असा समज पसरवला, तेव्हा आपण वेगवेगळ्या आहोत हे सिद्ध करायला दोघी निघाल्या. शार्लटच्या प्रकाशकाच्या टेबलासमोर काळ्या कपड्यांतल्या दोन ठेंगण्या बाया उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्याचंच पत्र त्याच्या हातात ठेवलं. एमिली गेली नाही. तिला नाव उघड करायचंच नव्हतं.

हॉवर्थचं स्टेशन खाली दरीत, गाव वर. मुख्य रस्ता इतका चढा आहे की फरशीचे चिरे मुद्दाम आडवे, कडेवर उभे बसवलेत, घोड्याचा खूर घसरू नये म्हणून. घरं काळी. दगड मुळात पिवळट, शंभर-दीडशे वर्षांच्या गिरण्यांच्या धुराने काळा झालेला. ह्या दगडाच्या इंग्रजी नावातच जातं आहे, कारण त्याची जाती घडवत. वरच्या मजल्यांना एकाला एक लागून लांबट खिडक्या आहेत, त्या कशाला हे भाचीला कळेना. मी इचलकरंजीला मागवाल्यांची जुनी घरं पाहिली होती, म्हणून ओळखलं. हातमागाला उजेड लागतो. इथे लोक घरातच लोकर विंचरत आणि विणत. लोकर विंचरायचे फणे तापवायला कोंदट खोलीत दिवसरात्र शेगडी चालू ठेवावी लागे आणि तिथेच कुटुंब झोपे.

हे मुद्दाम लिहिते, कारण वाचून माझ्या मनात गाव होतं ते वेगळं. ओसाड माळ, त्यावर एकटं घर, जगापासून तुटलेल्या तीन बहिणी. प्रत्यक्षात हे गिरणीगाव होतं आणि माणसांनी गच्च भरलेलं होतं.

संध्याकाळी चीज-कांद्याचं सारण भरून भाजलेला ‘पाय’ खाऊन चर्चपर्यंत गेलो. दार बंद झालं होतं. दफनभूमीतल्या उंच झाडांवर कावळ्यांच्या जातीचे रूक पक्षी कलकलत होते. खोलीवर येऊन नळाचं पाणी प्यायले, तेव्हा उद्या ह्याच पाण्याचा विचार करत दिवस जाणार आहे हे माहीत नव्हतं.

दिवस दुसरा : पार्सनेज, चर्च, दफनभूमी

पार्सनेज म्हणजे पाद्रीबाबांचं सरकारी घर म्हणा, चर्चकडून मिळालेलं. १७७८-७९ साली बांधलेलं, दोन मजली, समोर छोटी बाग, आणि बागेच्या भिंतीला लागून दफनभूमी. पॅट्रिक ब्राँटी हे आयर्लंडच्या गरीब घरातले. शिकून केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजात गेले, पाद्री झाले आणि १८२० साली बायको व सहा मुलांना घेऊन इथे आले. पुढच्याच वर्षी बायको मारिया गेली. १८२५ साली थोरल्या दोन मुली, मारिया अकरा वर्षांची आणि एलिझाबेथ दहाची, पाद्र्यांच्या मुलींच्या निवासी शाळेतून आजारी होऊन घरी आल्या आणि दीड महिन्याच्या आत दोघी गेल्या. ‘जेन एअर’मधली हेलन म्हणजे ही थोरली मारिया. प्रशिक्षणाच्या वेळी मला जे जाणवलं होतं त्याला नाव मिळालं.

आत शिरल्यावर उजवीकडे वडिलांची अभ्यासिका, डावीकडे जेवणाची खोली. अभ्यासिकेत उभी असताना मला सेंट जॉन रिव्हर्सची आठवण झाली, कादंबरीत जेनला मागणी घालणारा तो पाद्री. तो हिंदुस्थानात धर्मप्रसाराला निघालेला असतो, त्यासाठी हिंदुस्थानी भाषा शिकतो आणि जेनलाही शिकायला बसवतो. प्रशिक्षणाच्या वेळी हे वाचून मी चमकले होते, आपला देश तिथे कुठून आला म्हणून. तर पॅट्रिक ब्राँटींना कॉलेजात पैशांची ओढाताण होती तेव्हा त्यांच्यासाठी खटपट करणारा माणूस होता हेन्री मार्टिन. तो पुढे खरंच हिंदुस्थानात गेला आणि त्याने बायबलच्या नव्या कराराचं हिंदुस्थानीत भाषांतर केलं. त्याच्या गोष्टी ह्या घरात मुलांच्या कानावर पडल्या असणार असं मला वाटतं.

जेवणाच्या खोलीतलं टेबल हे ह्या घरातलं सगळ्यात मोलाचं. ह्याच टेबलावर शार्लटची ‘जेन एअर’, एमिलीची ‘वुदरिंग हाइट्स’ आणि अ‍ॅनची ‘अ‍ॅग्नेस ग्रे’ लिहिल्या गेल्या, तिन्ही १८४७ साली छापून आल्या. रात्री नऊला वडील झोपायला जात, जाताना जिन्यावरच्या घड्याळाला किल्ली देत. मग तिघी बहिणी टेबलाभोवती फेऱ्या मारत आपापलं लिहिलेलं एकमेकींना सांगत. एमिली आणि अ‍ॅन गेल्यावर शार्लट एकटीच फेऱ्या मारायची आणि स्वयंपाकघरात मार्था ब्राउन नावाची कामवाली ती पावलं ऐकत बसायची. टेबल आणि भिंत ह्यांच्यामध्ये एका माणसापुरतीच वाट आहे. मी दोरीबाहेरून ती वाट नजरेने दोनदा चालून पाहिली.

ह्याच शार्लटने विशीत आपल्या कविता राजकवी रॉबर्ट साउदीला पाठवल्या होत्या. १८३७ साली त्याचं उत्तर आलं की साहित्य हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही आणि होऊही नये. तिने ते पत्र जपून ठेवलं. पुढे बहिणींनी पदरचे पैसे घालून कवितांचं पुस्तक काढलं, त्याच्या दोन प्रती खपल्या. दोन! पुढच्याच वर्षी तिघींच्या कादंबऱ्या छापल्या गेल्या. मला तिघींच्या प्रतिभेइतकाच हा चिवटपणा मोठा वाटतो.

काचेच्या पेटीत त्यांनी लहानपणी केलेली पुस्तकं आहेत, काडेपेटीच्या आकाराची. १८२६ साली वडिलांनी भाऊ ब्रॅनवेलसाठी लाकडी शिपायांचा डबा आणला. मुलांनी एकेका शिपायाला नाव दिलं, त्यांचं राज्य उभं केलं आणि त्या शिपायांना वाचता यावीत एवढी लहान पुस्तकं शिवली. अक्षर इतकं बारीक की भिंग लागतं. कागद महाग, म्हणून मिळेल त्या कागदाचे तुकडे. स्वयंपाकघरात एमिली कणीक मळताना समोर जर्मनचं पुस्तक उभं करून शिकायची म्हणतात. वरच्या खोलीत शार्लटचे कपडे आणि चपला आहेत. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला होतील असे.

खालच्या खोलीत सोफा आहे, काळा. १९ डिसेंबर १८४८ला दुपारी एमिली ह्याच्यावर गेली असं सांगतात. भाऊ ब्रॅनवेल सप्टेंबरात गेला होता, दारू आणि अफूने पोखरलेला, शेवटी क्षय. त्याच्या अंत्यविधीत एमिलीला सर्दी झाली आणि ती पुन्हा घराबाहेर पडलीच नाही. खोकला, धाप, खंगणं, सगळं दिसत असून तिने डॉक्टरला जवळ येऊ दिलं नाही. कपडे स्वतः घालत राहिली, कुत्र्याला स्वतः खायला घालत राहिली. शेवटच्या दिवशी दुपारी कुठे डॉक्टरला बोलवा म्हणाली. तिची शवपेटी ५ फूट ७ इंच लांब आणि फक्त १६ इंच रुंद होती. मी नोकरीत असे रुग्ण पाहिलेत, औषध नको म्हणणारे, थुंकी तपासायला न येणारे. त्यांच्या दारात बसून मी विनवण्या केल्यात. एमिलीच्या काळात विनवायलासुद्धा औषध नव्हतं. त्या सोफ्यासमोरून मला लवकर हलता येईना. भाची माझा हात धरून बाहेर घेऊन आली.

चर्च आता आहे ते त्यांच्या काळचं नाही. मनोरा सोडून जुनं सगळं १८७९ साली पाडून नवं बांधलं. एका खांबावरच्या पाटीवर लिहिलंय की ह्याच्या खाली ब्राँटी कुटुंबाचं दफनाचं तळघर आहे. पाटीवरची नावं मी बोटाने मोजली. आई, वडील, मारिया, एलिझाबेथ, ब्रॅनवेल, एमिली, शार्लट. अ‍ॅनचं नाव नाही. “ती इथे नाहीये, मावशी,” भाची म्हणाली. “चौथ्या दिवशी जाऊ तिच्याकडे.”

मग दफनभूमी. दुपारचे तीन वाजले असतील. चर्चच्या पायथ्यापासून पार्सनेजच्या भिंतीपर्यंत थडगीच थडगी, पुष्कळशी आडवी पसरलेल्या शिळांची, एकीची कड दुसरीला टेकलेली. एकेका शिळेवर पाच, सहा, सात नावं. वयं वाचत गेले, वर्ष ३, महिने ७, आठवडे ५, वर्ष २. गावाचं जन्ममृत्यूचं रजिस्टर मी तीस वर्षं भरलंय. बालमृत्यूची एक नोंद झाली तर तालुक्याहून चौकशी येते. इथे ती नोंद दगडावर ओळीने कोरलेली होती.

आणि जमिनीचा उतार! दफनभूमी गावाच्या माथ्यावर आहे आणि खाली मुख्य रस्ता, घरं, विहिरी. पाणलोट कुठून कुठे जातो हे कोकणातल्या बाईला सांगावं लागत नाही. माझ्या उपकेंद्रात पावसाळ्यात पहिलं काम असायचं विहिरींच्या पाण्यात जंतू मारणारी टीसीएल पावडर टाकायचं आणि पाण्यात क्लोरिन उतरला का हे बघणारी ओटी टेस्ट करायचं. संडासाच्या वरच्या अंगाला आड आहे की खालच्या, हे घरोघर फिरून बघायचं. इथे मढ्यांच्या वरच्या थरातून झिरपलेलं पाणी लोक पीत होते.

हे पॅट्रिक ब्राँटींच्या लक्षात आलं होतं. ह्या मुलींबद्दल जी कथा सांगतात तिच्यात बाप नेहमी खोलीत एकटा जेवणारा, विक्षिप्त म्हातारा म्हणून येतो. मला इथे वेगळा माणूस भेटला. तीन मुलं आठ महिन्यांत गेली, अ‍ॅन १८४९च्या मे महिन्यात. त्याच उन्हाळ्यात, बहात्तराव्या वर्षी, ह्या माणसाने गावकऱ्यांच्या सह्या गोळा करून लंडनच्या आरोग्य मंडळाला अर्ज केला की आमच्या गावाच्या पाण्याची आणि सांडपाण्याची तपासणी करा. १८४८च्या कायद्याप्रमाणे दहा टक्के करदात्यांनी मागणी केली तर सरकारला तपासनीस पाठवावा लागे. त्यांनी तो कायदा वापरला.

एप्रिल १८५०मध्ये बेंजामिन हर्शल बॅबेज आला. गणकयंत्राचा विचार मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजचा हा मुलगा. त्याचा अहवाल भाचीने मला फोनवर शोधून वाचून दाखवला, आम्ही दोघी एका थडग्याच्या कडेला बसलो होतो. गावात मृत्यूचं सरासरी वय २५.८ वर्षं. सहा वर्षांच्या आत मरणारी मुलं ४१.६ टक्के. लंडनच्या सगळ्यात गलिच्छ वस्त्यांच्या बरोबरीचे आकडे, आणि हे मोकळ्या हवेचं डोंगरातलं गाव. सांडपाण्याची गटारं नाहीत. साऱ्या गावाला ६९ संडास, काही ठिकाणी वीस-वीस घरांत मिळून एक. मागच्या दहा वर्षांत त्या एवढ्याशा जागेत १,३४४ दफनं. पाणी इतकं कमी की गरीब बायका सोमवारच्या धुण्यासाठी पहाटे दोनला वरच्या झऱ्यावर रांग लावत.

पहाटे दोन म्हटल्यावर मी भाचीला थांबवलं. रात्री कंदील घेऊन झऱ्यावर हंडा लावणाऱ्या बायका मी पाहिल्यात, एप्रिल-मे महिन्यात, आमच्याच वाड्यांमध्ये. नंबर लागावा म्हणून हंड्याच्या शेजारीच झोपायच्या.

बॅबेजने सांगितलं की ही दफनभूमी बंद करा, गटारं बांधा, डोंगरातून नळाने पाणी आणा, आणि आडव्या शिळा टाकू नका, त्यांच्याखाली गवत उगवत नाही आणि माती मोकळी राहत नाही. पैसेवाल्या करदात्यांना कर वाढायला नको होता, त्यांनी वर्षानुवर्षं खोडा घातला. पॅट्रिक लिहीत राहिले. ह्या भल्या उंच झाडांची लागवडही १८६४ साली ह्याचसाठी झाली, मुळांनी जमीन पोकळ व्हावी म्हणून. कालचे रूक बसतात ती हीच झाडं.

पार्सनेजमध्ये मात्र घरची विहीर होती. १८४७ साली ती वीस वर्षांनी पहिल्यांदा उपसली तेव्हा तळाशी कुजलेले आठ पत्र्याचे डबे निघाले, पाण्याला पिवळट रंग त्याचा होता. हे पॅट्रिकनी हिशेबाच्या वहीत टिपून ठेवलंय. ‘जेन एअर’ छापून येण्याच्या आदल्या महिन्यातली नोंद आहे ती.

बहिणी गेल्या त्या क्षयाने, पाण्याने नव्हे, हे मला कळतं. तरी वर्षानुवर्षं असलं पाणी पिऊन आतडी खराब झालेली, अंगात रक्त नसलेली पोर क्षयाला किती दिवस टक्कर देणार? हे मी माझ्या अनुभवाने म्हणते.

दिवस तिसरा : सडा

इंग्रजीतल्या ‘मूर’ला मराठीत माळरान म्हणतात. मला तो शब्द पुरत नाही. आमच्या रत्नागिरीचा सडा म्हणजे मूर. उघडा, उंच, खडकावर वीतभर माती, झाड नाही, वारा अडायला काही नाही, आणि वर्षातून एकदा फुलांनी भरून जाणारा. फरक एवढाच की आमचा जांभा पाणी खाली सोडतो, आणि इथे शेवाळ हजारो वर्षं कुजून दबून तयार झालेली काळी पीटची माती पाणी धरून ठेवते. पाय टाकला की पचकन आवाज येतो.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता, हीदर फुललेलं. गुडघ्याएवढी झुडपं, तांदळाच्या कणीएवढी जांभळी फुलं. भाद्रपदात सड्यावर सीतेची आसवं फुलतात तेव्हा असाच निळा-जांभळा गालिचा होतो. मी खाली बसून एक काडी हातात घेतली. मधाचा वास होता.

गावाबाहेर पेनिस्टन हिल, जुन्या दगडखाणींची टेकडी, तिथून पायवाट सुरू होते. फाटक उघडायचं, मेंढ्या जाऊ नयेत म्हणून मागे लावायचं, असं करत तासाभरात ओढ्यापर्यंत पोचलो. ह्याला ब्राँटी धबधबा म्हणतात. पाणी पाऊस पडून गेल्यावरच दिसतं, आम्हाला दगडांमधून झुळझुळणारी धार मिळाली. ओढ्यावरचा दगडी साकव १९८९च्या पुरात वाहून गेला, तो पुन्हा बांधलाय. शेजारी खुर्चीच्या आकाराचा दगड आहे, बहिणी त्यावर आळीपाळीने बसत असं सांगतात.

१८५४च्या नोव्हेंबरात शार्लट नवऱ्याबरोबर हा धबधबा बघायला आली होती. जूनमध्ये लग्न झालं होतं, वडिलांच्या हाताखालच्या आर्थर बेल निकल्सशी. परत येताना दोघं भिजली, तिला सर्दी झाली. जानेवारीत ती अंथरुणाला खिळली, अन्न पोटात ठरेना, ३१ मार्च १८५५ला गेली. दाखल्यावर क्षय लिहिलाय. पण तिला दिवस गेले होते आणि तिच्या पत्रांत सतत उलट्यांचा उल्लेख आहे, म्हणून गरोदरपणातल्या अनावर उलट्यांनी ती गेली असं पुष्कळ जाणकार मानतात. मलाही तेच पटतं. अशी पोर आमच्या केंद्रात आली की आम्ही सलाइन लावत होतो, दोन-तीन दिवसांत उठून बसायची. वय ३८, आयुष्यात पहिल्यांदा सुख लाभलेली. त्या दगडावर मी बसले नाही.

पुढचा चढ दमवणारा आहे. वाटेतल्या खुणेच्या पाट्यांवर इंग्रजीच्या खाली जपानी अक्षरं आहेत, इतके जपानी वाचक इथे चालत येतात. हीदरमधून लालसर तपकिरी ग्राउस पक्षी फडफडत उठतो आणि ‘गो बॅक, गो बॅक’ ओरडत जातो. वर टॉप विदन्स. पडक्या शेतघराच्या भिंती आणि शेजारी दोन झाडं, एवढंच. ‘वुदरिंग हाइट्स’मधलं घर ते हेच असं जगभर मानतात. भिंतीवर ब्राँटी सोसायटीने १९६४ साली पाटी लावलीय आणि ती फार प्रामाणिक आहे. हे घर धड होतं तेव्हाही कादंबरीतल्या वर्णनाशी जुळत नव्हतं, पण ही जागा एमिलीच्या मनात असू शकेल, असं तिच्यावर लिहिलंय.

जागा मनात होती, ह्याबद्दल मला शंका नाही. ‘वुदरिंग’ हा यॉर्कशरच्या बोलीतला शब्द, वारा घोंघावतो त्याचा. भिंतीच्या आडोशाला बसलो तेव्हा ऊन होतं, वारा बेताचा, तरी कानात सूं सूं थांबत नव्हती. आम्ही डब्यातली थालीपिठं खाल्ली. एक मेंढी येऊन अगदी जवळ उभी राहिली.

इथून क्रो हिलची दिशा दिसते. २ सप्टेंबर १८२४ला तिथे ढगफुटीसारखा पाऊस होऊन पीटचा डोंगर फुटला आणि चिखलाचा लोंढा, मोठाले धोंडे दरीत आले. आमच्याकडे दरड येते तसंच. ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन त्या दिवशी कामवाल्या बायांबरोबर सड्यावर फिरायला गेली होती. वडील खिडकीत वाट बघत उभे, घर हादरलेलं. मुलं कुठेतरी आडोसा मिळून वाचली. एमिली सहा वर्षांची होती. पुढे तिने ज्या सड्यावर सगळी कादंबरी उभी केली तो सडा तिला भेटला होता तो असा, जीव घेऊ शकणारा. तरी तिचं मन इथेच रमायचं. बाहेरगावी शाळेत पाठवलं की ती आजारी पडायची, परत आणलं की बरी व्हायची.

उतरताना स्टॅनबरीच्या वाटेने आलो. माझे गुडघे बोलायला लागले होते. स्टॅनबरीला बस मिळाली. चालकाने माझ्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे बघून “टॉप विदन्स, लव्ह?” एवढंच विचारलं.

दिवस चौथा : स्कारबरो

हॉवर्थहून निघून लीड्स, यॉर्क करत गाडीने स्कारबरोला आलो. तीन दिवसांनी समुद्र दिसला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. अ‍ॅनलाही समुद्र आवडायचा. गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी बाई, म्हणून नोकरी करताना ती मालकांच्या कुटुंबाबरोबर इथे येत असे. क्षय झाल्यावर तिनेच हट्ट धरला की मला समुद्रावर न्या. एमिलीसारखी ती नव्हती. डॉक्टरांचं ऐकायची, औषध घ्यायची, जगायचं आहे म्हणून स्वच्छ लिहायची. २५ मे १८४९ला शार्लट आणि मैत्रीण एलन नसी तिला घेऊन इथे पोचल्या. २८ला दुपारी ती गेली. जाताना थोरल्या बहिणीला म्हणाली, धीर धर, शार्लट, धीर धर. एका वर्षात बापाला तिसऱ्यांदा मुलाला माती द्यायला लागू नये म्हणून शार्लटने तिला इथेच पुरलं.

किल्ल्याखाली सेंट मेरी चर्च आहे, त्याच्या दफनभूमीच्या रस्त्यापलीकडच्या भागात तिचा दगड. खाऱ्या वाऱ्याने अक्षरं झिजलीत, पण मी आकडा शोधून काढला. वय २८ लिहिलंय. ते चूक आहे. तीन वर्षांनी शार्लट इथे आली तेव्हा तिला दगडावर पाच चुका सापडल्या, तिने त्या दुरुस्त करायला सांगितल्या, वयाची तेवढी राहून गेली. ब्राँटी सोसायटीने अलीकडे पायाशी एक नवी पाटी बसवलीय, तीवर २९ आहे.

मी तरी बोटांवर मोजलं. जन्म १७ जानेवारी १८२०, मृत्यू २८ मे १८४९. एकोणतीस वर्षं, चार महिने, अकरा दिवस. भाचीला ते वहीत लिहून ठेवायला सांगितलं आणि हॉवर्थहून रुमालात बांधून आणलेली हीदरची काडी नव्या पाटीच्या कडेला ठेवली. वारा होता, म्हणून तिच्यावर एक खडा ठेवला.